थुंकीच्या टेस्टआधी गोळ्यांची पिशवी उघड

पत्र थोडक्यात: मुलुंडहून एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय, वय ४१. बाबा ६९ वर्षांचे, सात महिन्यांपूर्वी हार्ट ॲटॅक येऊन गेला, ॲन्जिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. डायबेटिस जुना. आधी बीपीच्या गोळीने खोकला लागला म्हणून ती बदलली. आता महिनाभर मांड्या दुखतायत, सकाळी उठलं की कधीकधी गरगरतं, ॲसिडिटी तर रोजची. बिल्डिंगमधल्याच एका काकांना त्याच डॉक्टरांनी जवळपास त्याच गोळ्या दिल्यात आणि ते टुणटुणीत आहेत. न्यू जर्सीतल्या दादाचं म्हणणं, बाबांचे जीन्स वेगळे असणार, २२ हजारांचं पॅकेज आहे, घरी किट येतं, थुंकी पाठवायची, १५० औषधांचा रिपोर्ट येतो, पैसे मी भरतो, डॉक्टरांना आत्ताच काही बोलू नको. हिने तरी विषय काढला तर डॉक्टर म्हणाले गुगल करून येऊ नका. बाबांचं मत, "माझ्या थुंकीत काय बघायचंय, त्यापेक्षा मला पन्हाळ्याला ने." प्रश्न असा की टेस्ट करावी का, आणि डॉक्टर सगळ्यांना एकाच छापाची औषधं देत असतील तर डॉक्टर बदलावेत का. सोबत बाबांच्या सगळ्या औषधांची यादी जोडलीय.

प्रिय मुलुंडकर,

तुझं पत्र मी नंतर वाचलं, आधी यादी वाचली. खोड आहे ती. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, २४ वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीच्या खिडकीमागे उभी होते, चिठ्ठी आत यायची, गोळ्या बाहेर जायच्या, आणि मधल्या अर्ध्या मिनिटात यादीवर नजर फिरवायची सवय लागली ती रिटायर झाल्यावरही जात नाही. तर तुझ्या यादीत पहिल्या पाच गोळ्या हार्टच्या डॉक्टरांच्या आहेत, क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिनची एकत्र गोळी, कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन ४०, बीपीच्या टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड. इथपर्यंत ठीक, स्टेंटवाल्या कुठल्याही डायबेटिक माणसाच्या घरात साधारण हेच सापडेल. सहाव्या ओळीत तू लिहिलंयस "ओमेप्राझोल, ॲसिडिटीसाठी, बाबा स्वतः मेडिकलमधून आणतात". आणि सातव्या ओळीत, अगदी जाता जाता, "गजकर्ण झालंय जांघेत, पावसाळ्यापासून, त्याची कॅप्सूल इट्राकोनॅझोल, स्किनच्या डॉक्टरांची, दोन वेळा, पाच आठवडे झाले तरी जात नाहीये". त्याच्याखाली कंसात गुळवेलीचा काढा.

अगं, तुझ्या पत्रातला अर्धा प्रश्न या दोन ओळींतच असू शकतो.

म्हणून जीन्सचं पुराण नंतर, आधी हे. इट्राकोनॅझोल ही फंगसवरची चांगली कॅप्सूल आहे, पण ती लिव्हरमधलं एक एन्झाइम दाबून टाकते, आणि नेमकं तेच एन्झाइम ॲटोर्वास्टॅटिनचा निचरा करत असतं. निचरा अडला की रोज ४० घेतली तरी रक्तात पडते त्याच्या कितीतरी जास्त. अमेरिकेत या गोळीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की इट्राकोनॅझोल चालू असेल तर ॲटोर्वास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नका. आणि या जातीच्या गोळ्या, म्हणजे स्टॅटिन, जास्त झाल्याची पहिली तक्रार काय असते तर स्नायू दुखणं, मांड्या, पोटऱ्या, खांदे. कॅप्सूल पाच आठवड्यांपासून आणि मांड्या "महिनाभर", तारखा तूच लिहिल्यायस, शेजारी शेजारी ठेवून बघ. मी लांबून निदान करत नाहीये, व्हिटॅमिन डी कमी असेल, थायरॉइड असेल, दुसरंही काही असेल. पण हे आजच्या आज हार्टच्या डॉक्टरांना फोन करून सांगायचं, त्यांना कदाचित या कॅप्सूलचा पत्ताच नसेल कारण ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिलीय दुसऱ्या फाइलमध्ये. ते बहुतेक सीपीके नावाची, स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी, रक्ताची तपासणी सांगतील आणि कुठली गोळी थांबवायची ते ठरवतील. इट्राकोनॅझोल तसंही हार्टच्या पेशंटला जपून देतात, हृदयाचं पंपिंग कमजोर असेल तर टाळतातच, म्हणून हे सुद्धा त्यांना कळायला हवं. मधल्या काळात लघवी चहासारखी, कोलासारखी गडद झाली किंवा पायातली ताकदच गेली तर फोनबिन नाही, थेट हॉस्पिटल. आणि क्लोपिडोग्रेल-ॲस्पिरिन मात्र कुणीही काहीही सांगितलं तरी स्वतःहून बंद करायची नाही, एक दिवस पण नाही, स्टेंटच्या आत गुठळी होण्याची भीती असते. एवढं वाचून फोन कर, मग पुढचं वाच.

केलास? बरं.

आता सहावी ओळ. क्लोपिडोग्रेल ही गोळी जशी आपण गिळतो तशी काही कामाची नसते. ते दाणे असतात, लिव्हरच्या गिरणीत दळून पीठ झालं तरच रक्त पातळ ठेवायचं काम होतं. त्यातही गोळीतला साधारण ८५ टक्के भाग गिरणीपर्यंत पोचायच्या आधीच दुसऱ्या एन्झाइमांमुळे निकामी होऊन सांडतो, उरलेल्या १५ टक्क्यांचं दळण होतं. आणि या दळणात मोठा वाटा एका एन्झाइमचा, सीवायपी२सी१९. आता दादा जे म्हणतोय ते इथे येतं, या एन्झाइमच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते एक वडिलांकडून, आणि काहींना यातली एक किंवा दोन्ही बिघडलेल्या मिळतात, त्यांची गिरणी हळू चालते. दोन्ही बिघडलेल्या असतील तर गोळी घेऊनही पुरेसा परिणाम होत नाही. हे काही नेटवरचं खूळ नाही, २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध संस्थेने, क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकावर चौकटीतली, म्हणजे सगळ्यात गंभीर प्रकारची, सूचना याच कारणासाठी छापायला लावली. आणि आपल्या भागातल्या लोकांत तर ही बिघडलेली, मंद प्रत अजिबात दुर्मिळ नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांचा एक मोठा अभ्यास आहे, त्यात ५७ टक्के लोकांकडे निदान एक तरी मंद प्रत निघाली, आणि दोन्ही प्रती मंद असलेल्यांना क्लोपिडोग्रेलवर असताना पुन्हा ॲटॅक यायचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे दादा पूर्ण चुकीचा नाही. त्याला तसं सांग, मोठ्या भावांना आवडतं ते.

पण गंमत बघ. समजा बाबांची टेस्ट केली आणि दोन्ही प्रती अगदी ठणठणीत निघाल्या. रिपोर्टवर हिरवा टिक, सगळे खूष. आणि बाबा रोज सकाळी चहाच्या आधी ओमेप्राझोल घेतायत, जे नेमकं हेच सीवायपी२सी१९ एन्झाइम दाबतं. म्हणजे गिरणी उत्तम कंपनीची पण कुणीतरी रोज तिचा पट्टा काढून ठेवतंय. थुंकीत ते दिसत नाही. थुंकीत दिसतं ते जन्मापासूनचं, मेडिकलमधून काल काय आणलं ते त्यात कुठून येणार. ओमेप्राझोलमुळे प्रत्यक्षात ॲटॅक वाढतात का यावर डॉक्टरांमध्ये दोन मतं आहेत, एका मोठ्या ट्रायलमध्ये तसं काही दिसलं नाही, पण एफडीएची सूचना अशीच आहे की क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळा, पँटोप्राझोलसारखी दुसरी गोळी या एन्झाइमला बरीच कमी हात लावते. मग पर्याय असताना कशाला. अर्थात दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना पोटाला संरक्षण लागतंच, म्हणून ॲसिडिटीची गोळी नुसती बंद करून टाकायची असं नाही, बदलून मागायची.

आणि अजून एक. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल नीट शोषली जायला पोटात ॲसिड लागतं. ॲसिड ओमेप्राझोलने मारलंय. म्हणून गजकर्ण पाच आठवडे हटत नसेल तर त्याचं हे पण एक कारण असू शकतं. इट्राकोनॅझोल ॲटोर्वास्टॅटिनचं वाढवतेय, ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचं कमी करतेय, आणि तेच ओमेप्राझोल इट्राकोनॅझोललाही अडवतेय. या सगळ्या गोंधळात बाबांच्या जीन्सचा अजून काहीही संबंध आलेला नाही.

सकाळच्या गरगरण्याबद्दल थोडं. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, उठल्यावर बीपी पटकन खाली जाऊ शकतं, एकदा बसून आणि एकदा उभं राहून दोन मिनिटांनी असं मोजून ठेव. पण मला जास्त शंका ग्लिमेपिराइडची आहे. तू लिहिलंयस बाबा संकष्टी कडक करतात. चंद्रोदय होईपर्यंत पोटात काही नाही आणि सकाळी सवयीने शुगरची गोळी घेतली तर शुगर खाली येणारच. कधी गरगरतं त्या दिवसांवर कॅलेंडरमध्ये खूण कर, आणि गरगरलं की त्याच क्षणी ग्लुकोमीटर लाव. आणि उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्या, ते डोस बदलून देतात, फक्त त्यांना उपवास आहे हे माहीत पाहिजे. आपल्याकडे लोक हे डॉक्टरला सांगत नाहीत, ओरडतील म्हणून. माझ्या खिडकीवर एक आजोबा यायचे, दर महिन्याला त्यांच्या गोळ्या चार-पाच उरायच्या, मला वाटायचं विसरतात. नंतर कळलं एकादशी आणि चतुर्थीला कुठलीच गोळी घेत नव्हते, मिरगीची सुद्धा नाही, आणि झटके आले की डोस वाढवून मिळायचा. त्यांना "औषध लागू पडत नाही" असं फाइलवर लिहिलेलं होतं.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य, "डॉक्टर सगळ्यांना एकाच छापाची औषधं देतात". मला हे जरा खोडून काढायचंय. बाबांना आधी रॅमिप्रिल होतं, खोकला लागला, डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिलं. तू हे पत्रात तक्रार म्हणून लिहिलंयस, म्हणजे पहिल्यांदा चुकलं असं. पण माणूस बघून औषध बदलणं म्हणजे हेच. रॅमिप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन साठतं आणि बऱ्याच जणांना कोरडा खोकला लागतो, कुणाला लागेल हे आधी सांगायची खात्रीची टेस्ट नाही, देऊन बघायचं, खोकला आला की बदलायचं. मेटफॉर्मिन देताना किडनीचा रिपोर्ट बघतात, त्यातला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ३० च्या खाली गेला की बंद करतात. गुठळी होऊ न देणारं हेपरिन वजनावर. इन्सुलिन शुगरवर. पोरांचं पॅरासिटामॉल पण वजनावरच की. वय, वजन, किडनी, लिव्हर, सोबतच्या गोळ्या, खाणंपिणं, व्यसन, हे सगळं जीन्सइतकंच "पर्सनल" आहे आणि यातलं बरंचसं फुकटात कळतं. बिडीचंच घे, धुरामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम वाढतं आणि दम्यासाठीचं थिओफिलिन भराभर संपून जातं. मग पेशंट ॲडमिट होतो, बिडी सुटते, डोस तोच राहतो आणि धडधड, उलट्या सुरू. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि हे धुराचं काम आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे मशेरीने तसं होत नाही. अर्थात मशेरी लावा असं मी म्हणत नाहीये.

काकांशी तुलना करतेस तर काकांची पण पिशवी बघायला हवी ना. त्यांना गजकर्ण आहे का, ते संकष्टी करतात का, त्यांची किडनी कशी आहे, वजन किती. दोन माणसांची डॉक्टरची चिठ्ठी सारखी असते, घरातला डबा कधीच सारखा नसतो.

बरं, मग टेस्टचं काय. मी टेस्टच्या विरोधात नाही, पॅकेजच्या विरोधात आहे. जनुकांची टेस्ट एका नेमक्या औषधाबद्दल एक नेमका प्रश्न विचारायला वापरली की सोन्यासारखी, आणि १५० औषधांचं जेवणाचं ताट म्हणून घेतली की त्यातलं १४० आपण खाणारच नसतो. तुमच्या केसमध्ये तो नेमका प्रश्न आहे, सीवायपी२सी१९ आणि क्लोपिडोग्रेल. तेवढी एकच टेस्ट मोठ्या लॅबमध्ये वेगळी होते, पॅकेजपेक्षा पुष्कळ कमी पैशात. ब्रिटनमध्ये तर २०२४ साली उपचारांचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेने स्ट्रोकनंतर क्लोपिडोग्रेल देताना ही टेस्ट करा अशी शिफारसच केली. हार्टच्या बाबतीत मात्र सगळ्यांची सरसकट करा असं नाही, डॉक्टर ठरवतात कुणाची करायची.

आणि इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे जी दादाच्या लक्षात आलेली नाही. ॲटॅकनंतर या दोन गोळ्या एकत्र साधारण वर्षभर देतात, कमीजास्त डॉक्टर ठरवतात. बाबांचे सात महिने होऊन गेलेत. स्टेंटमध्ये गुठळी व्हायचा सगळ्यात मोठा धोका पहिल्या महिन्यात असतो आणि तो काळ बाबांनी याच गोळीवर काढलाय. टेस्ट करायची होती तर तेव्हा जास्त उपयोगाची. आता रिपोर्ट येईल, अपॉइंटमेंट मिळेल, तोवर चारच महिने उरतील, आणि वर्षानंतर डॉक्टर कदाचित एकच गोळी ठेवतील. ती एक म्हणून क्लोपिडोग्रेलच ठेवायची असेल, तर मात्र टेस्टला पुन्हा अर्थ येतो. म्हणून "टेस्ट करू का" असं विचारण्यापेक्षा "टेस्टमध्ये मंद निघालं तर तुम्ही गोळी बदलाल का" असं विचारायचं. बदलायची तर टिकाग्रेलोर आहे, प्रासुग्रेल आहे, या गोळ्यांना त्या गिरणीची गरज नाही किंवा फारशी नाही. पण त्या जास्त जोरकस आहेत, रक्तस्राव जास्त होऊ शकतो, टिकाग्रेलोरने काहींना धाप लागल्यासारखं होतं, प्रासुग्रेल पूर्वी स्ट्रोक झालेल्याला देतच नाहीत आणि पंचाहत्तरीच्या पुढे किंवा ६० किलोच्या आत वजन असेल तर जपून. डॉक्टर म्हणाले काहीही निघालं तरी आता मी बदलणार नाही, आणि कारण नीट सांगितलं, तर मग टेस्ट कशासाठी? कपाटात ठेवायला?

पॅकेजवाल्यांबद्दल अजून एक सांगते. नोव्हेंबर २०१८ मध्ये एफडीएने लोकांना आणि डॉक्टरांना जाहीर इशारा दिला होता की जनुकांवरून अमुक औषध लागू पडेल की नाही सांगणाऱ्या बऱ्याच टेस्टना पुरेसा आधार नाही, विशेषतः डिप्रेशनच्या गोळ्यांच्या बाबतीत, आणि त्या रिपोर्टवरून औषध बदलू नका. दुसरं म्हणजे रिपोर्टमधलं "नॉर्मल" याचा अर्थ "आम्ही जे बिघाड शोधले त्यातला सापडला नाही" एवढाच. कुठले शोधले? ती यादी युरोपातल्या लोकांवरून बनवलेली असेल तर आपल्याकडचे बिघाड त्यात सुटू शकतात. ल्युकेमियाच्या आणि आतड्यांच्या सुजेच्या पेशंटना देतात त्या गोळ्यांचं, मर्कॅप्टोप्युरिन आणि अझाथायोप्रिनचं, उदाहरण चांगलं आहे. त्या कुणाला बाधतील हे ओळखायला पाश्चात्य देशांत बरीच वर्षं टीपीएमटी या जनुकाकडे बघत होते, आपल्या आशियातल्या लोकांत एनयूडीटी१५ हे दुसरंच जनुक जास्त त्रास देतं हे नंतर कळलं. तिसरं, ती थुंकी, तो डेटा पुढे कुठे जाणार ते लिहून घेतल्याशिवाय किट उघडायचं नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्या घरांसाठी थोडं थांबते, कारण काही ठिकाणी टेस्ट खरंच आधी करायची असते आणि तिथे काटकसर नको. मिरगीसाठी किंवा चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी कार्बामाझेपिन सुरू करणार असतील तर एचएलए-बी*१५:०२ या जनुकाच्या प्रकाराची टेस्ट विचारा. हा प्रकार आशियाई लोकांत जास्त सापडतो आणि तो असेल तर त्वचा सोलून निघणारी जिवावरची ॲलर्जी होऊ शकते. कॅन्सरसाठी फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिन असेल तर ती औषधं मोडणाऱ्या एन्झाइमच्या, डीपीवायडी या, जनुकाच्या टेस्टचं विचारा, युरोपच्या औषध संस्थेने २०२० पासून ही शिफारस केलीय. व्हायवॅक्स मलेरियानंतर १४ दिवस प्रायमाक्विन देतात त्याआधी जीसिक्सपीडी, लाल पेशींना जपणारं एन्झाइम, कमी आहे का ते बघणारी टेस्ट. मुंबईत पावसाळ्यात मलेरिया नवीन नाही, आणि ही कमतरता असेल तर प्रायमाक्विनने लाल पेशी फुटतात, लघवी काळपट होते. पारशी समाजात हे प्रमाण जास्त आहे. ही साधी रक्ताची तपासणी आहे, २२ हजारांची नाही. आणि तुमच्यापैकी कुणी आर्य वैश्य, कोमटी समाजाचे असाल तर ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, सक्सामेथोनियम नावाचं स्नायू सैल करणारं इंजेक्शन काही जणांच्या शरीरातून तासन् तास उतरत नाही, एन्झाइम कमी असतं, या समाजात ते जास्त आढळलंय. घरात कुणाला भूल उतरायला खूप वेळ लागला होता का, हे आजीला विचारणं ही पण जेनेटिक टेस्टच आहे एका अर्थाने.

उलट काही ठिकाणी जनुकाचा मोठा हात असूनही टेस्ट लागत नाही. टीबीचं आयसोनियाझिड घ्या, आपल्यातले खूप जण ते हळू पचवतात, हातापायाला मुंग्या येऊ शकतात, पण त्यावर जनुक बघत बसत नाहीत, सोबत बी-सिक्सची गोळी देऊन मोकळे होतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनच्या डोसवर दोन-तीन जनुकांचा चांगलाच परिणाम आहे, पण २०१३ मध्ये दोन मोठे ट्रायल एकदमच आले, एक म्हणाला जनुक बघून डोस ठरवला तर फायदा, दुसरा म्हणाला काही फरक नाही. तसंही तिथे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, आहेच, परिणामच थेट मोजता येतो. आणि त्या पेशंटने आठवडाभर मेथी-पालक हाणली आणि पुढचा आठवडा अजिबात नाही तर आयएनआर हलणारच, जनुक काहीही असो.

गुळवेलीच्या काढ्याबद्दल मला शिव्या पडतील तरी लिहिते. २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटना लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. मी त्या वादात पडत नाही. पण ज्या लिव्हरवर सात स्ट्रिप्सचा भार आहे आणि जिथे इट्राकोनॅझोलसारखी लिव्हरला जड कॅप्सूल चालू आहे, तिथे आठवी गोष्ट कोण कशासाठी देतंय हे डॉक्टरांना माहीत असायला हवं. "आयुर्वेदिक आहे, त्याचं काय सांगायचं" असं बाबा म्हणतील. सांगायचं.

डॉक्टर बदलावेत का, तर एवढ्यावरून नाही. ते "गुगल करून येऊ नका" म्हणाले ते मला आवडलं नाही, पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना कुणी "बाबांचे जीन्स" म्हणून सुरुवात केली तर माझंही तोंड वाकडं झालं असतं. पुढच्या वेळी मोबाइल दाखवू नकोस, पिशवी दाखव. सगळ्या स्ट्रिप्स, सिरप, मलम, काढ्याची बाटली, भिशीतल्या बाईने दिलेली पावडर, सगळं एका पिशवीत घालून टेबलावर ठेव, आणि चिठ्ठीवर तीनच प्रश्न लिहून ने. एक, मांड्या दुखतायत आणि ही कॅप्सूल चालू आहे, काय थांबवायचं. दोन, ॲसिडिटीची गोळी बदलून द्याल का. तीन, क्लोपिडोग्रेल अजून किती महिने, आणि तेवढ्यासाठी सीवायपी२सी१९ बघितलं तर तुमचा निर्णय बदलेल का. तिसऱ्याला त्यांनी हो म्हटलं तर टेस्ट त्यांच्याच चिठ्ठीवर कर. त्यांनी पिशवीकडे बघितलंच नाही, हाताने बाजूला सारली, तर मग दुसरं मत घे, आणि ते पण मोठा बोर्ड बघून घेऊ नकोस, असा फिजिशियन शोध जो सगळ्या डॉक्टरांच्या फाइली एकत्र मांडून बसेल. परळच्या केईएममध्ये क्लिनिकल फार्माकॉलॉजीचा, म्हणजे पेशंटवर औषधं कशी चालतात ते बघणारा, वेगळा विभागच आहे, हे लोकांना माहीतच नसतं. आणि कुठल्याही औषधाचा त्रास झाला तर तो नोंदवायला सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४, पेशंटचे घरचे पण नोंदवू शकतात.

दादाला लपवाछपवी नको म्हणून सांग. ज्याच्या रिपोर्टवर शेवटी डॉक्टरांनीच काहीतरी करायचंय तो डॉक्टरांपासून लपवून काय उपयोग. तो लांब आहे, रात्री झोप लागत नसेल त्याला, २२ हजार भरले की काहीतरी केल्यासारखं वाटेल, मी समजू शकते. त्याला दुसरं काम दे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांचा गोळ्यांचा डबा भरताना समोर बसायचं, स्ट्रिपवरचं नाव मोठ्याने वाचायचं, यादीत नवीन काही आलं तर तुला कळवायचं. बाबा तुझं ऐकत नाहीत तेवढं त्याचं ऐकतील, हे काही न्याय्य नाही पण घराघरात असंच आहे.

तू शेवटी एक ओळ लिहिलीयस, बाबांचे जीन्स खराब निघाले तर माझ्या मुलाचं काय. बाबांच्या दोन प्रतींपैकी एक तुझ्याकडे आलीय, तुझ्यातली एक त्याच्याकडे, त्यातली मंद आहे की नाही हे नशीब. आणि मंद असली तरी तो रोग नाही. तुझ्या मुलाला आयुष्यात कधी क्लोपिडोग्रेल लागलंच नाही तर ते जनुक त्याच्या अंगात आहे हे कुणाला कळणार पण नाही. बाबांची टेस्ट झालीच तर रिपोर्ट जपून ठेव, जनुक बदलत नाही, वीस वर्षांनी पण तोच रिपोर्ट चालेल, एवढंच.

आणि ते पन्हाळ्याचं. मांड्यांचं निस्तरलं की चढण चढायला परवानगी आहे का हे पण विचार, चिठ्ठीवर चौथा प्रश्न म्हणून लिही. बाबांसमोर लिही.